पाण्यात वजन लागत नाही

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक नवा शब्द आला. हायड्रोथेरपी. तो आला नांदणीच्या हत्तिणीमुळे. नांदणी आमच्या मिरजेपासून लांब नाही, जयसिंगपूर ओलांडलं की आलीच. तिथल्या जैन मठातली महादेवी, जिला सगळा मुलूख माधुरी म्हणतो, तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवावं असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं १६ जुलैला दिला. सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलैला तो कायम केला आणि हत्तीण गेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं मूकपणे चालत गेली. त्यात आमच्या ओळखीचेही काहीजण होते. पुढं वनतारानं नांदणी परिसरातच तिच्यासाठी केंद्र उभारण्याची तयारी दाखवली, आणि त्या केंद्रात हायड्रोथेरपीचं तळं असेल असं पेपरात छापून आलं.

"आता हत्तीलाही स्विमिंग पूल पाहिजे!" आमचे एक सहकारी म्हणाले. सगळे हसले. आम्हांला हसू आलं नाही. ही थेरपी आम्ही लहानपणी घरच्या घोडीवर झालेली पाहिली होती. तिला नाव असतं हे तेवढं ठाऊक नव्हतं.

आम्ही तांगेवाल्याच्या घरातले. उर्दू शाळेत शिकलो, बी.एड. करून उर्दू शाळेतच शिकवायला लागलो. 'हम' म्हणायची खोड मराठी लिहितानाही सुटत नाही, वाचकांनी ती चालवून घ्यावी. अब्बांचा तांगा मिरज स्टेशनवर उभा राहायचा. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट यायचे, आणि स्टेशनपासून दवाखान्यापर्यंतचा त्यांचा प्रवास तांग्यातून व्हायचा. अब्बा पेशंटकडं बघून चाल ठरवायचे. पोटाच्या पेशंटला वेगळी, हाड मोडलेल्याला वेगळी. आमच्या घोडीचं नाव बिजली. नावाइतकी ती चपळ कधीच नव्हती, पण समजूतदार होती.

१९९८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी गटारीच्या कडेला बिजलीचा पुढचा डावा पाय घसरला. त्या रात्री ती चंदी न खाता उभी राहिली. सकाळी पाहिलं तर गुडघ्याखालची मागची शीर केळ्यासारखी फुगून बाहेर आलेली. हात लावला की घोडी पाय वर उचलून घ्यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, सुजेवर औषध दिलं आणि सांगितलं की शीर तुटलेली नाही, ताणली आहे. काही महिने तांग्याला जुंपू नका. डॉक्टर भले होते, त्यांनी फीसुद्धा घेतली नाही. पण तांगेवाल्याच्या घरात काही महिने म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. घोडं कमवो न कमवो, खातंच. अम्मीनं ब्लाउज शिवायचं काम दुप्पट केलं. अड्ड्यावरच्या लोकांनी सल्ला दिला की विकून टाक, लंगडं घोडं नुसतं उभं करून पोसणं परवडायचं नाही. लंगडं घोडं घेणारा गिऱ्हाईक कोण असतो आणि ते कशाला घेतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि अब्बांनाही.

अब्बांनी बिजलीला नदीवर न्यायचं ठरवलं.

ही अक्कल त्यांची स्वतःची नव्हती. आमचे दादा तरुणपणी मिरज संस्थानच्या पागेत कामाला होते. थकलेल्या, पाय सुजलेल्या घोड्यांना नदीच्या पाण्यात उभं करायची तिथं रीत होती, ती दादांनी अब्बांना सांगितलेली. कृष्णा घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं म्हशी उतरायच्या, तिथं पहाटे आम्ही जायचो. अब्बा पुढं लगाम धरून पायी, आम्ही मागं हातात गोणपाट आणि तेलाची बाटली घेऊन. पहिले आठ-दहा दिवस घोडीला नुसतं गार पाण्यात उभं केलं, चालवलं अजिबात नाही. आम्ही कंटाळून विचारलं, "अब्बा, चलाते कायकू नै?" ते म्हणाले, "अब्बी सूजन है. पैले गरमी उतरने दे."

सूज उतरल्यावर त्यांनी पाण्यात बाभळीच्या तीन काठ्या रोवल्या. एक खोल, जिथं पाणी घोडीच्या पोटाच्या वर लागायचं. दुसरी गुडघ्याच्या वर. तिसरी घोट्यापाशी. पहिले काही आठवडे सगळं चालणं खोल काठीपाशी, सावकाश, प्रवाहाच्या उलट पंचवीस पावलं आणि परत. मग दुसरी काठी, मग तिसरी. कोयनेचं पाणी सोडलं की नदी चढायची, तेव्हा काठ्या उपटून पुन्हा रोवायच्या, घोडीच्या अंगाला लावून. काठावर कपडे धुणारे परीट गमतीनं बघायचे. एकानं विचारलं, "मामू, घोडीला पोहायला शिकवताय का?" अब्बा म्हणाले, "पोहायला नको. चालायला शिकवतोय."

बाहेर आल्यावर पाय गोणपाटानं कोरडे करायचे, खुरांना गोडं तेल लावायचं. सतत भिजलं की खूर मऊ पडतो, मग नाल टिकत नाही. हे आमचं काम होतं.

"पानी में वजन नै लगता उसकू," अब्बा सांगायचे. "पाँव अपना काम करता, बोझा पानी उठाता."

आठवीच्या विज्ञानात आम्ही बल आणि दाब शिकवतो. मराठी माध्यमातली मुलं आर्किमिडीज म्हणतात, आमच्याकडं तो अर्शमीदस असतो, आणि प्लावक बलाला आम्ही उछाल म्हणतो. हा शब्द आम्हांला जास्त आवडतो, कारण त्यात पाणी काय करतं ते दिसतं. स्प्रिंगच्या काट्याला वीट टांगून ती बादलीत सोडली की काटा निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि मागच्या बाकावरची मुलंही उभी राहतात. विटेपेक्षा प्राण्याचं शरीर पाण्याच्या घनतेला फार जवळचं, म्हणून ते जवळजवळ तरंगतंच. कुत्र्यांवर मोजमाप झालेलं आहे. पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन राहतं, गुडघ्यापर्यंत ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत आलं की फक्त ३८ टक्के. घोड्याच्या बाबतीत पाणी कमरेच्या हाडाला टेकलं की पायांवरचा सुमारे तीन चतुर्थांश भार कमी होतो. आज परदेशात आणि आपल्याकडंही मोठ्या शहरांत काचेची टाकी असते, तिच्या तळाशी सरकता पट्टा, आणि पाणी किती भरायचं ते कुठला सांधा दुखतोय त्यावर ठरतं. जखमी जनावराला सुरुवातीला खोल पाणी, बरं होत जाईल तसं उथळ. हे आकडे वाचले तेव्हा आम्हांला तीन काठ्या आठवल्या.

पाणी नुसतं वजन उचलत नाही, ते अडवतंही. हवेपेक्षा ते सुमारे आठशे पट दाट. त्यातून पाय पुढं काढायचा म्हणजे स्नायूला काम करावंच लागतं, पण धक्का बसत नाही, कारण पाय जमिनीवर आदळत नाही. शिवाय सगळ्या बाजूंनी पाण्याचा दाब पडतो, त्यानं सूज मागं हटते. पाणी सांध्याला लागलं की जनावर तो सांधा जास्त वाकवून पाय उचलतं. दुखऱ्या पायाला ताठ धरायची सवय लागलेली असते, ती इथं मोडते. प्राण्याला सांगता येत नाही की बाबा, गुडघा वाकव. माणसाच्या पेशंटला फिजिओथेरपिस्ट तोंडानं सांगतो, तांगेवाल्याच्या घोडीला नदी सांगते.

आता एक दूरची गोष्ट, पण आमच्या अड्ड्यावरच्या गोष्टीची सख्खी बहीण. इंग्लंडमध्ये साउथपोर्ट नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथं जिंजर मॅकेन नावाचा माणूस टॅक्सी चालवायचा, जुन्या गाड्या विकायचा आणि गाड्यांच्या दुकानामागच्या तबेल्यात शर्यतीचे घोडे तयार करायचा. त्याच्या टॅक्सीत नोएल ले मेअर नावाचे एक म्हातारे श्रीमंत गृहस्थ बसायचे. त्यांच्यासाठी मॅकेननं १९७२ साली सहा हजार गिनींना रेड रम नावाचा घोडा घेतला. घरी आणून बघतो तर घोडा लंगडा, खुरातल्या हाडाला सूज येण्याचा जुना आजार. दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. पण मॅकेननं लहानपणापासून पाहिलं होतं की गाड्या ओढणारे लंगडे घोडे समुद्राच्या पाण्यातून चालले की सुधारतात. त्यानं रेड रमला समुद्रात चालवलं, ओल्या वाळूवर पळवलं. त्या घोड्यानं १९७३ आणि १९७४ ला ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली सगळ्यांत अवघड अडथळ्यांची शर्यत जिंकली, पुढची दोन वर्षं दुसरा आला, आणि १९७७ ला पुन्हा जिंकली. तीनदा ती जिंकणारा दुसरा घोडा आजवर झालेला नाही. १९९५ साली तो मेला तेव्हा त्याला शर्यतीच्या मैदानावर, जिंकण्याच्या खांबाजवळ पुरलं.

या हकिकतीत लोक रेड रमचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. आमचं लक्ष त्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांकडं जातं. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्यांना पाण्यात नेणाऱ्यांचीही नाहीत. विद्या मात्र त्यांचीच होती. सहा हजार गिनींच्या घोड्यावर तिचा उपयोग झाला म्हणून ती छापली गेली.

पाणी सगळं बरं करतं असं मात्र नाही, आणि हे सांगितलं नाही तर लेख खोटा होईल. अमेरिकेत २००६ साली बार्बारो नावाचा घोडा केंटकी डर्बी जिंकला आणि दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात मोठं ऑपरेशन झालं. भूल उतरताना घोडा घाबरून धडपडतो आणि जोडलेलं हाड पुन्हा मोडून घेतो. १९७५ साली रफियन नावाची घोडी अशीच गेली होती. म्हणून बार्बारोला बेशुद्धीतच क्रेननं उचलून रबरी तराफ्यात ठेवलं आणि तराफा पाण्याच्या हौदात सोडला. जाग आली तेव्हा त्यानं पाय झाडले ते पाण्यात, कुठं आपटायला जमीनच नव्हती. तो तिथून उभा राहिला, कित्येक महिने जगला. पण घोड्याला खाटेवर निजवून ठेवता येत नाही. मोडक्या पायाचा भार मागच्या डाव्या पायावर येत राहिला, त्याचा खूर सडसडून सुजला, आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला कायमचं निजवावं लागलं. चार पायांच्या जनावराचा एक पाय गेला की उरलेल्या तिघांवर संकट येतं. बिजली लंगडायला लागली तेव्हा अब्बा रोज तिच्या उजव्या पायालाही हात लावून बघायचे. त्या वेळी आम्हांला वाटायचं, दुखतोय डावा आणि हे बघतात उजवा!

पोहणं आणि पाण्यात चालणं हेही एक नव्हे. पोहताना घोड्याचं काळीज फार जोरात धावतं, पाठ खोलगट होते. पाठ दुखणाऱ्या घोड्याला पोहायला लावलं तर दुखणं वाढतं. उघड्या जखमेचं जनावर पाण्यात न्यायचं नाही. घाबरणारं जनावर ओढून न्यायचं तर मुळीच नाही.

हत्तीचं दुखणं याहून अवघड. तीन-चार टनांचा देह, आणि पाय वर्षानुवर्षं फरशीवर किंवा डांबरावर. जंगलातला हत्ती मैलोन्‌मैल मऊ जमिनीवर चालतो, चिखलात लोळतो, नदीत डुंबतो. साखळीला बांधलेल्या हत्तीचे तळवे झिजतात, नखांत पू होतो, सांधे धरतात. मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं २०१८ साली हत्तींचं रुग्णालय सुरू केलं. भीक मागायला रस्त्यावर फिरवलेले, वरातीत नाचवलेले, सर्कशीत राबवलेले हत्ती तिथं येतात. त्यांच्यासाठी खोल हौद आहे आणि त्यात पाण्याचे जोरदार फवारे सोडून पायांना शेक-मालीश होते. ज्या हत्तीला आडवं होऊन उठायचीही भीती वाटते, त्याला पाण्यात तेवढाच वेळ पायांची सुट्टी मिळते.

माधुरीच्या खटल्यातही पायाचे आजार आणि जखमा हा मुद्दा होताच. आमच्या भागात त्या दिवसांत दोन तट पडले होते. एक म्हणायचा, हत्तीण आमची लेक आहे, तिला आमच्यापासून तोडली. दुसरा म्हणायचा, लेक म्हणता आणि साखळीला बांधता? आम्हांला दोघांशीही भांडता आलं नाही. निरोप देताना रडणारी माणसं खरी होती. जनावरावरच्या मायेनं माणूस कसा रडतो हे आम्ही घरात पाहिलंय. पण मायेचा आणि सांध्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. अब्बांचंही बिजलीवर प्रेम होतं, तरी रोज ते तिच्या पायाला हात लावून ऊब बघायचे, आणि पाय गरम लागला की त्या दिवशी चालणं बंद. माया किती आहे हे ते कधी बोलले नाहीत. तळं नांदणीत होवो की जामनगरात, त्या हत्तिणीच्या पायाला रोज हात लावणारा कोणी आहे का, एवढंच आम्ही विचारतो.

बिजली बरी झाली का? झाली, बऱ्यापैकी. पाचव्या महिन्यात रिकामा तांगा ओढायला लागली, पावसाळ्याआधी दोन सवाऱ्या. चार सवाऱ्या आणि वळकट्या अब्बांनी तिच्यावर पुन्हा लादल्या नाहीत, त्यामुळं कमाई कमीच राहिली आणि आमच्या थोरल्या भावाला बारावीनंतर गॅरेजमध्ये जावं लागलं. त्यानं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, पण ही किंमत घरानं दिली, ती लिहायला हवी. घोडी आणखी नऊ वर्षं जगली. पुढं रिक्षा वाढल्या, स्टेशनवरचे तांगे एकेक करून उठले, आणि अब्बा गॅरेजबाहेर पंक्चर काढायला बसले. त्या जागी नदीत जनावर न्यायचंही लोकांनी कमी केलं. कृष्णेत मगरी वाढल्यात, शिवाय पाणी तेव्हासारखं स्वच्छ राहिलेलं नाही.

आज पाण्यातला व्यायाम कोणाला मिळतो? शर्यतीच्या घोड्याला मिळतो, बंगल्यातल्या लॅब्रेडॉरला मिळतो. मिळू दे, त्यांचेही सांधे दुखतातच. पण आमच्या दारावरून दिवाळीनंतर चार-पाच महिने उसाच्या गाड्या जातात. दोन-तीन टन ऊस, दोन बैल, मानेवर जू, पायाखाली डांबर. चढाला एखादा बैल गुडघ्यावर येतो. मग आरडाओरडा होतो, कधी चाबूक पडतो, बैल उठतो, गाडी जाते. हंगाम संपेपर्यंत तो तसाच लंगडत ओढतो. गाडीवानाला दोष द्यायला आमची जीभ वळत नाही, तोही मुकादमाची उचल फेडत असतो. बेंदराला त्याच बैलाला तो नदीवर नेतो, धुतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो. वर्षातून एक दिवस बैल पोटाएवढ्या पाण्यात उभा राहतो.

साखर कारखान्याच्या आवारात गाड्या वजनासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. बैल सोडून बाजूला बांधलेले. तिथं दोन्ही बाजूंनी उताराचा एक लांब हौद बांधला, एकीकडून बैल उतरेल आणि दुसरीकडून चढेल असा, तळाला खरबरीत सिमेंट, पाणी वरचेवर बदललेलं, तर रांगेतला वेळ त्यांच्या पायांना मिळेल. काचेची टाकी नको, सरकता पट्टाही नको. आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी, त्यांचे चुलते गाडीवान आहेत, याचा नकाशा वहीवर काढला. तो घेऊन आम्ही ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितला. जखमेवाले बैल वेगळे ठेवायला लागतील म्हणाले, घामानं तापलेलं जनावर एकदम गार पाण्यात घालू नका म्हणाले, आणि मग विचारलं, "खोली किती धरलीय?"

मुलांनी खोली लिहिलीच नव्हती. आम्ही घरी येऊन अब्बांना विचारलं. अब्बा आता सत्तरीच्या पुढं आहेत, गुडघे त्यांचेही गेलेत. त्यांनी नकाशा हातात घेतला नाही.

"पैले बैल को खडा करो," म्हणाले, "फिर नापो."